ऑस्ट्रेलियातलं ते कोर्ट म्हणजे आपली प्रांत कचेरी नाही

आपल्या नाशिककडच्या माणसाला अपील शिकवावं लागत नाही. फेरफाराची नोंद विरोधात गेली की प्रांताकडे, तिथे हरलो की वर कलेक्टर कचेरीत, आणि दर वेळी तीच कहाणी पहिल्यापासून. म्हणून गंगापूर रोडवरच्या ओळखीतल्या एकांच्या मुलाचा मेलबर्नला प्रोटेक्शन व्हिसा (मायदेशी धोका आहे म्हणून आसरा मागणाऱ्यांचा) नाकारला गेला, वर ट्रिब्युनलनेही (असे सरकारी निर्णय पुन्हा तपासणारी संस्था) नाही म्हटलं, तेव्हा ते मला म्हणाले, वकीलसाहेब, आता कोर्टात सगळं नीट सांगू.

मी इथल्या कोर्टात वकिली करतो, तिकडची सनद नाही. पण कायदा वाचता येतो आणि तो वाचला तर तिथेच गोची आहे.

कहाणी नव्याने ऐकणारी जागा म्हणजे ट्रिब्युनल, १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या एएटी या ट्रिब्युनलच्या जागी एआरटी (अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल) आलंय. त्यानंतर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट, आणि तिथला जज मुलाला भारतात खरंच धोका आहे का हे ठरवतच नाही, तो फक्त बघतो की ट्रिब्युनलने निर्णय कायद्याने घेतला का. मुलाने मांडलेला महत्त्वाचा मुद्दा विचारातच घेतला नाही, दुभाषा इतका वाईट की बाजूच मांडता आली नाही, असं काही असेल तर केस उभी राहते. नुसतं 'माझ्यावर विश्वास ठेवला नाही' यावर नाही. गावच्या सरपंचाचं नवीन पत्र आता जोडून काही होत नाही. आणि जिंकलात तरी कोर्ट व्हिसा देत नाही, केस परत ट्रिब्युनलकडे जाते, जे नीट कारणं देऊन पुन्हा नाही म्हणू शकतं! आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट करतात, तसंच बरंचसं.

तरी हा दरवाजा आहे हे लहान नाही. सरकारने कायद्यात कलम घालून तो जवळपास बंदच करायचा प्रयत्न केला होता, २००३ मध्ये तिथल्या हायकोर्टाने (ते त्यांचं सर्वोच्च कोर्ट) एस१५७ केसमध्ये सांगितलं की राज्यघटनेच्या ७५(५) खालचा, सरकारी निर्णय कायद्याने झाला का हे तपासायचा कोर्टाचा अधिकार असा काढून घेता येत नाही.

कोर्टात जायची मुदत ३५ दिवस, ती ट्रिब्युनलच्या निर्णयाच्या तारखेपासून, तुम्ही ईमेल उघडल्यापासून नाही. वाढवून मिळू शकते पण कारण लेखी द्यावं लागतं. हरलात तर समोरच्या बाजूच्या, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन मंत्र्यांच्या वकिलाचा खर्चही बहुतेक वेळा तुमच्याच डोक्यावर. हे मुलाच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटने सांगितलं नव्हतं, त्याने 'अर्ज टाका, तोवर काम करता येतं' एवढंच विकलं होतं, आणि अशा लोकांचा मला फार राग येतो, कारण ज्यांना खरंच जिवाची भीती आहे त्यांची रांग हे लांबवतात.

वडिलांना सगळ्यात मोठी काळजी मात्र वेगळीच, नातेवाईकांना नेटवर नाव दिसेल का? नाही दिसणार, अशा केसमध्ये निकालात नावाऐवजी अक्षरं आणि आकडे छापतात. मग जरा मोकळे झाले. ट्रिब्युनलची ऑर्डर त्यांच्याकडे नव्हतीच, एजंटने फक्त शेवटचं पान पाठवलेलं, म्हटलं काका आधी पूर्ण मागवा, तारीख बघा आणि तिकडचा वकील गाठा, एजंट नको.