न चालणारं नाणं

कॅशिअरला नाणं दिसलं की ते आधी वाजवून बघावंसं वाटतं. एकतीस वर्षं काउंटरच्या जाळीमागे काढली, त्यामुळे ही खोड आता माझ्याबरोबरच जाणार. मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे सॅक्रामेंटोला गेलो होतो. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याच्या टेबलावर पितळी रंगाची चकती दिसली आणि किंमत विचारायच्या आधीच मी ती टेबलाच्या कडेवर टाकून ऐकली. आवाज बद्द. जस्ताचा माल, वर मुलामा.

चकती आपल्या दहाच्या नाण्याहून चांगलीच थोराड होती. एका अंगाला काळ्या मिन्यात लांबलचक पंखांचं विमान, त्याखाली ‘ड्रॅगन लेडी’. दुसऱ्या अंगाला चंद्रकोर आणि चार चांदण्या. आकडा कुठेच नाही. सिंह नाही, राजा नाही, साल नाही. नाणेफेक करायची म्हटली तर छापा कुठला आणि काटा कुठला, यावरच भांडण व्हावं.

म्हातारा ‘बील’ नावाच्या हवाई तळावर मेकॅनिक होता. तळ तिथून उत्तरेला, गाडीने तासाभरावर. ड्रॅगन लेडी म्हणजे यू-२ हे टेहळणी विमान. १९५५ साली पहिल्यांदा उडालं आणि सत्तर हजार फुटांच्या वरून फोटो काढत आलं. हे ‘चॅलेंज कॉइन’. पलटणीतल्या प्रत्येकाने ते खिशात बाळगायचं. कुणी बारमध्ये आपलं नाणं टेबलावर आपटलं की बाकीच्यांनी आपापलं काढून दाखवायचं. ज्याच्याकडे नसेल त्याने सगळ्यांची दारू पाजायची. सगळ्यांकडे निघालं तर आपटणाऱ्याच्या खिशाला चाट. म्हणजे या नाण्याने काही विकत मिळत नाही, पण ते घरी विसरलं तर पैसे जातात. असं चलन मी नोकरीत कधी हाताळलं नव्हतं.

त्याने पाच डॉलर घेतले, पण नाणं हातावर ठेवलं नाही. तळव्यात दडवून शेकहँड केला आणि हात सुटला तेव्हा ते माझ्या मुठीत होतं. द्यायची रीतच तशी म्हणे. लाच देताना लोक अगदी असाच हात मिळवतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

“अहो, पैसे देऊन नाणं विकत घेतलंत?” ही म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग रात्री लेकीच्या संगणकावर वाचत बसलो. ते विमान उतरवण्याची तऱ्हा मला फार आवडली. त्याला चाकांच्या जोड्या दोनच, सायकलच्या चाकांसारख्या एकामागे एक. पंखांखाली आधाराची दोन चाकं असतात, ती उडतानाच गळून पडतात. प्रेशर सूटमधल्या पायलटला खालची जमीन धड दिसत नाही, म्हणून उतरताना धावपट्टीवर मागून एक मोटार सुसाट पळते. ती चालवणाराही यू-२चाच पायलट; तो रेडिओवर उंची सांगत राहतो: दहा फूट, पाच, दोन, एक. आपल्या स्टँडवर एसटी मागे घेताना कंडक्टर पत्र्यावर थापा मारत “येऊ दे, येऊ दे” करतो ना, तेच काम. फक्त इथे गाडी आभाळातून येते.

वाचता वाचता आणखी एक नाणं सापडलं. हे मात्र खरं चलनी, चांदीचा डॉलर. त्यात बारीक भोक पाडून एक सुई लपवलेली होती आणि सुईला शिंपल्यांतून काढलेलं जहर. हा डॉलर फ्रान्सिस गॅरी पॉवर्स या पायलटकडे होता. तो १ मे १९६० रोजी पेशावरहून निघाला आणि स्वेर्दलोव्स्कजवळ रशियन क्षेपणास्त्राने त्याचं यू-२ पाडलं. पकडले गेलात आणि छळ सोसवेना, तर टोचून घ्या, अशी ती सोय. त्याआधी सायनाइडच्या कुप्या देत असत. एका पायलटने उडता उडता ती लिमलेटची गोळी समजून तोंडात टाकली होती, नशिबाने फोडली नाही. पॉवर्सने सुई वापरली नाही. १० फेब्रुवारी १९६२ला बर्लिनजवळच्या पुलावर रशियन हेर आबेलच्या बदल्यात तो सुटला. पलीकडून पॉवर्स आणि वर सुट्टे म्हणून बर्लिनमध्ये अडकलेला एक अमेरिकन विद्यार्थी.

भोक पाडलेलं नाणं आम्ही काउंटरवरून परत करायचो. तो डॉलर माझ्याकडे आला असता तर मीही “हे चालणार नाही” म्हणून सरकवला असता.

हेच विमान १९६२च्या युद्धानंतर नेहरूंच्या परवानगीने आपल्या चीन सीमेवरून उडत होतं आणि १९६४च्या मे महिन्यात ओडिशातल्या चारबाटियाच्या धावपट्टीवरूनही उडालं. त्याच महिन्यात नेहरू गेले. अमेरिकेने हे कागद २०१३ साली खुले केले. तोवर ते कुलपात होते, आणि आता त्याच विमानाचं मिन्याचं नाणं बाजारात पाच डॉलरला. गुपित मोडीत निघतं ते असं.

सांगलीला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी आम्ही चार निवृत्त नेहमीच्या हॉटेलात चहाला बसलो. नियम समजावून सांगितला आणि नाणं टेबलावर आपटलं. बशा हलल्या.

“म्हणजे आमच्याकडे नाही, तर चहा आम्ही पाजायचा?” एकाने विचारलं.

“नियम आहे.”

आमच्यातला सगळ्यात जुना कॅशिअर गप्प होता. त्याने ते उचललं, नखाने टिचकी मारली, ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. मग स्वतःचं पाकीट काढलं आणि आतल्या कप्प्यातून झिजलेला, काळा पडलेला, मधे भलंमोठं भोक असलेला १९४३चा एक पैसा काढून माझ्या नाण्याशेजारी ठेवला.

“वडिलांचा,” तो म्हणाला. “आता बोल.”

बाकीचे दोघे खिसे चाचपत होते. चहाचे पैसे त्यांनी दिले, भजीचे मी.