पनामा कालव्याच्या दारात अकरा दिवस

पनामा कालव्यातून शिडाची बोट न्यायला साधारण दोन दिवस लागतात. आम्हाला तेरा लागले. त्यातले अकरा कालव्याच्या दारातच गेले.

बोट ३८ फुटी, माणसं दोन, मी आणि नवरा. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालावा तो एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या दिलीप दोंद्यांसारख्यांनी. आम्ही कालवा धरला. कोलोनजवळच्या शेल्टर बे मरिनात पोचलो, कालव्याचा मोजणीवाला फीत लावून गेला. पुढच्या नांगरापासून मागे टांगलेल्या डिंगीपर्यंत, म्हणजे छोट्या होडीपर्यंत, सगळं लांबीत धरतात. बोटीला ओळख क्रमांक मिळाला. इथवर झकास.

मग एजंट. त्याच्याशिवायही होतं, पण अनामत ठेवावी लागते, म्हणून नवऱ्याने एक माणूस धरला. पैसे जमा झाले की तारीख मिळते, एवढं ठाऊक होतं. हा रोज फोनवर म्हणायचा, "मान्याना." म्हणजे उद्या. तलाठ्याच्या 'उद्या या'वर वाढलेली मी, तरी पाचव्या दिवशी डोकं फिरलं. पाऊस थांबेना, गाद्यांना बुरशी, पहाटे जंगलातून हाऊलर माकडांचा आरडाओरडा. कालव्यात बोट भिंतींना धरून ठेवायचे भाड्याचे चार दोर, प्रत्येकी १२५ फूट, पायात येत होते आणि भाडं चढत होतं. कप्तान सोडून दोर धरायला चौघं लागतात. मदतीला थांबलेलं जोडपं विमान चुकेल म्हणून निघून गेलं.

"अगं, करेल तो," नवरा.

करतोय कसला! दहाव्या दिवशी कालव्याच्या वेळापत्रकवाल्यांना मीच फोन लावला. तिकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, या क्रमांकाचे पैसेच आलेले नाहीत. एजंटकडून पावतीचा फोटो मागवला, मोजणीच्या कागदाशेजारी धरला. शेवटचे दोन आकडे उलटे! पैसे कधीच भरलेले, पण भलत्याच क्रमांकावर. संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली, परवाची तारीख मिळाली. एजंटने सॉरीसुद्धा म्हटलं नाही. तेव्हा पावती त्याच दिवशी मागा आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचा.

कालवा त्यामानाने सोपा. तीन माणसं रोजावर घेतली. लॉक म्हणजे दारं लावून पाणी भरायचे प्रचंड हौद. गातूनच्या अशा तीन लॉकमधून बोट २६ मीटर वर, गातून तळ्यात चढते. समोर मालवाहू जहाज, शेजारी बांधलेल्या आणखी दोन बोटी. त्या जहाजाचा पंखा फिरला की पाणी असं घुसळतं की दोर सैल सोडायची छाती होत नाही. रात्र तळ्यात, बोयाला म्हणजे तरंगत्या पिंपाला बांधून. उकाडा कितीही असो, पोहायला उतरू नका, मगरी आहेत. हो, आणि वाट दाखवायला कालव्याकडून सोबत येणाऱ्या सल्लागाराला गरम जेवण आणि सीलबंद पाणी द्यावं लागतं. मी मसालेभात केला होता.

एक राहिलंच. आपले दोर वर ओढून घ्यायला लॉकच्या भिंतीवरून हलक्या दोरीला बांधलेला गोळा बोटीवर फेकतात. सोलर पॅनलवर आधी गाद्या टाका. बुरशीच्या का होईनात.

पलीकडच्या टोकाच्या मिराफ्लोरेस लॉकला कॅमेरा आहे, घरबसल्या दिसतं. सांगलीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी आई जागी. फोनवर पहिलं वाक्य, "दोर तू ओढत होतीस, मग जावईबापू नुसते उभे का गं?"

"सुकाणू धरून होते," म्हटलं.

"अकरा दिवसही तेच धरून होते का?"