रिकाम्या खाचा
आज सुट्टी नाण्यांच्या अल्बममध्येच गेली. भिंगाखाली अमेरिकेचा १९०९चा लिंकन सेंट धरला. सालाखालची टांकसाळीच्या अक्षराची जागा कोरी, म्हणजे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचा. तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं 'एस' आणि मागच्या बाजूला तळाशी 'व्हीडीबी' (नाण्याचा रचनाकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची आद्याक्षरं) असतं, तर तिकडच्या संग्राहकांच्या उड्या पडल्या असत्या! सॅन फ्रान्सिस्कोला तसे फक्त ४,८४,००० पडले.

शेजारीच कॉन्स्टंटाइनच्या काळातलं झिजलेलं रोमन तांब्याचं नाणं. वय सतराशे वर्षं, तरी त्या 'एस', 'व्हीडीबी'वाल्या सेंटपुढे किंमत किरकोळ. अल्बमची खाच भरायला लाखो लोक एकाच नाण्यामागे लागले की असं होतं.

जर्मनीत दोन युरोचं एकच स्मारक नाणं पाच टांकसाळींच्या अक्षरांसह निघतं: ए, डी, एफ, जी, जे. तिथल्यांना पाचही हवी असतात. मलाही. माझ्याकडे 'जे' नाही, हॅम्बुर्गचं.