पाळी : नियमित

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आमची गाडी एका शाळेत वर्षातून एकदाच पोहोचते. वजन, उंची, दात, डोळे, हृदयाचे ठोके; एकेका पोराला मिनिटं किती मिळत असतील ते समजून घ्या.

आठवीतली ती बाकावर डोकं टेकून बसली होती. वर्गशिक्षक म्हणाले, "आळशी आहे मॅडम. महिन्यातले आठ-दहा दिवस गैरहजर." पापणी खाली ओढून पाहिली, पांढरीफटक. नखंही तशीच. हिमोग्लोबिन ५.९. यंत्रावर विश्वास बसेना, दुसऱ्या बोटाला टोचलं. ६.१. आठच्या खाली गेलं की आम्ही तीव्र रक्तक्षय म्हणतो.

गेल्या वर्षीचं कार्ड काढलं. पाळी सुरू आहे, दर महिन्याला येते, दुखत नाही. खाली माझीच सही. कार्ड तेवढंच विचारतं. किती दिवस जातं, किती जातं, याला रकानाच नाही. शाळेत येणारा प्रत्येक पाहुणा पॅड की कापड एवढं मात्र विचारून जातो.

तिला बाजूला घेऊन पाळीतल्या कापडाच्या घड्या मोजायला लावल्या. दिवसाला नऊ-दहा, रात्री दोनदा उठून. दहा दिवस.

आईला बोलावलं. "आमच्यात समद्यांचंच जास्त जातं, मॅडम. माझ्या आईचंबी असंच व्हतं. म्हणून तर नववीला घालणार नव्हतो."

पहिल्या पाळीपासून एवढं जातंय आणि तेही आई-आजीसारखं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार आधी तपासायला हवा. विचारलं, घोळणा फुटतो का? लहानपणापासून. दुधाचा दात पडला तेव्हा रात्रभर रक्त येत होतं, हे आईला लख्ख आठवत होतं. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

रक्त चढवलं. तपासणीत फॉन विलेब्रँड फॅक्टर, म्हणजे रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन, कमी निघालं. आता पाळीच्या दिवसांत ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या घेते, पाच दिवसांत थांबतं. दर आठवड्याची लोहाची निळी गोळी ती न चुकता घेत होती, पण गळक्या घागरीत पाणी ओतून काय होणार? आणि घागर गळतेय हे माझ्या लक्षात यायला एक अख्खं वर्ष गेलं, ते तिच्या शाळेतून गेलं.

धाकटी बहीण चौथीत आहे. तिच्या कार्डाच्या कोपऱ्यात मी लाल पेनानं लिहून ठेवलंय : घोळणा फुटतो.