रानहंसांसाठी कोणता चोक, कोणतं काडतूस? तुम्ही विचारलंत म्हणून

रानहंसांच्या (इंग्रजीत गूज) शिकारीचा हंगाम जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्याला एका ओळीत उत्तर हवं असतं आणि ते माझ्याकडे आहेही: बारा बोअर, मॉडिफाइड चोक, तीन इंची काडतूस, पोलादी बीबी छर्रे, आणि पक्षी ३५ यार्डांच्या आत. (यार्ड मीटरपेक्षा थोडा लहान, ३५ यार्ड म्हणजे ३२ मीटर.) माणूस "बरं" म्हणतो, आणि पुढच्या वेळी भेटतो तेव्हा त्याच्या हातात फुल चोक नि साडेतीन इंची काडतुसांचा खोका असतो. पक्षी मोठा म्हणजे बार मोठा, हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. मीही त्याच वाटेने गेलो होतो, म्हणून हसत नाही. फक्त उत्तर जरा लांबवतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता हा विषयच उरलेला नाही, आणि तो उरू नये असंच मला वाटतं. पुढचं सगळं जिथे परवाना, ठरलेला हंगाम आणि दिवसाची पक्ष्यांची मर्यादा पाळून ही शिकार होते, त्या ठिकाणांबद्दल आहे.

चोक म्हटलं की आपल्याला जुन्या स्कूटरचा चोक आठवतो. त्याचा इथे संबंध नाही. छऱ्याच्या बंदुकीच्या नळीचं तोंड शेवटच्या काही सेंटिमीटरांत किंचित आवळलेलं असतं, तो चोक. आताच्या बऱ्याच बंदुकांत तो आट्यांनी बसवायचा, बदलता येणारा नळीचा तुकडा असतो. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. त्यात इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक पाव मिलिमीटर आवळतो, मॉडिफाइड अर्धा मिलिमीटर, आणि फुल जवळपास एक मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने छऱ्यांचा थवा लवकर पसरायचा की उशिरा, हे ठरतं. न्यूकॅसलच्या विल्यम पेप या बंदूक बनवणाऱ्याने १८६६ मध्ये याचं पेटंट घेतलं. मापण्याची जुनी रीत अशी: ४० यार्डांवर कागद लावायचा, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडले ते मोजायचं. इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमधून निम्मे पडावेत, मॉडिफाइडमधून ६० टक्के, फुलमधून ७०.

या टक्केवाऱ्या पाठ करून लोक चोक निवडतात आणि तिथेच फसतात, कारण त्या शिशाच्या छऱ्यांच्या आहेत. पाणपक्ष्यांवर शिसं वापरणं अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंद आहे, इंग्लंडमध्ये १९९९ पासून, आणि युरोपीय संघातल्या पाणथळ जागांवर २०२३ पासून. कारण साधं आहे. हंस आणि बदकं पोटात अन्न दळायला खडे गिळतात. तळाच्या चिखलात पडलेले छर्रे त्यांना खड्यांसारखेच दिसतात. पोटात शिसं झिजतं, रक्तात जातं, आणि पक्षी आठवड्या-दोन आठवड्यांत झुरून मरतो. तो मेलेला पक्षी गरुडाने खाल्ला की विष पुढे सरकतं. या बंदीवर कुरकुर करणारे शिकारी मी खूप ऐकले. मला त्यांचं कधी पटलं नाही.

शिशाच्या जागी आलं पोलाद, आणि पोलादाचा स्वभाव वेगळा. शिसं मऊ असतं. बार उडतानाच्या धक्क्याने काही छर्रे चेपतात, वाकडे उडतात, थव्याच्या कडेला जातात. पोलादाचा छर्रा गोल असतो तो गोलच राहतो, त्यामुळे थवा घट्ट जातो. मॉडिफाइड चोकमधून पोलाद साधारण तसं पडतं, जसं शिसं फुलमधून पडायचं. म्हणजे पूर्वी फुल वापरणाऱ्याने आज मॉडिफाइड लावला तर त्याने काही गमावलेलं नसतं. उलट फुल लावला तर मोठे, कडक छर्रे त्या अरुंद तोंडातून मावेनासे होतात. पॅटर्न, म्हणजे कागदावर पडणारी छऱ्यांची नक्षी, बिघडतो, आणि काही नळ्यांना तोंडाजवळ कडं उठल्यासारखा फुगवटाही येतो. चोकवर पोलाद चालेल की नाही हे बहुधा कोरलेलं असतं. ते वाचा. आजोबांची पातळ नळीची दुनळी असेल तर पोलाद त्यात घालूच नका, तिच्यासाठी बिस्मथ आहे. ते मऊ असतं, शिशापेक्षा थोडं हलकं, आणि पोलादाच्या कितीतरी महाग.

पोलादाची दुसरी खोड म्हणजे ते हलकं. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८ च्या आसपास. हलकी वस्तू हवेत लवकर दमते. त्यावर उपाय एकच, छर्रा जाडा घ्यायचा. शिशात जो नंबर वापरत होतात त्याहून दोन मापं मोठा, असा जुन्या लोकांचा ठोकताळा आहे आणि तो बऱ्यापैकी खरा उतरतो. मापांचं गणित जरा उलटं चालतं: नंबर लहान तसा छर्रा मोठा, आणि एकच्या पुढे आकडे संपले की अक्षरं लागतात. अमेरिकी मापात दोन नंबरचा छर्रा ३.८ मिलिमीटर, बीबी ४.६, बीबीबी ४.८, टी ५.१. ब्रिटिश काडतुसावरचा तोच नंबर किंवा तेच अक्षर म्हणजे लहान छर्रा, म्हणून खोक्यावरचा मिलिमीटरचा आकडा बघायची सवय लावा.

दोन नंबर आणि बीबी यांत पाऊण मिलिमीटरचा फरक. डोळ्यांना काहीच नाही. पण वजन व्यासाच्या घनात वाढतं, त्यामुळे बीबीचा एक छर्रा दोन नंबरच्या पावणेदोन छऱ्यांएवढा भरतो. त्याची किंमत संख्येत मोजावी लागते. एका औंसात (साधारण २८ ग्रॅम) दोन नंबरचे सव्वाशे छर्रे मावतात, बीबीचे बहात्तर, टीचे जेमतेम त्रेपन्न. तीन इंची काडतुसात बहुधा सव्वा औंस माल असतो. म्हणजे बीबीचे ९०.

आता हे ९० धरून चला, कारण माझं सगळं उत्तर या आकड्यावर उभं आहे. मोठ्या कॅनडा हंसासाठी त्या ३० इंची वर्तुळात मला निदान पन्नास-पंचावन्न छर्रे हवे असतात. तेवढे असले तर डोकं, मान आणि छाती छऱ्यांच्या थव्यातून मोकळी निसटत नाहीत. पोलाद मॉडिफाइडमधून याहून घट्ट पडेलही, पण मी हात राखून शिशाचेच ६० टक्के धरतो: ९० चे ६० टक्के ५४. म्हणजे मॉडिफाइडमधून ४० यार्डांवर माझं काम जेमतेम भागतं, म्हणून माझी हद्द मी ३५ वर ठेवतो. टी छर्रे घेतले तर सव्वा औंसात ६६, त्यांचे ६० टक्के ४०. एकेक छर्रा तोफेचा गोळा असेल, पण दोन छऱ्यांमधल्या फटीतून हंसाची मान आरामात जाते. लांबच्या पक्ष्यासाठी म्हणून टी घेणाऱ्यांना हे मी कागदावर करून दाखवतो. त्यांतले निम्मे तरीही टीच घेतात.

साडेतीन इंची काडतूस १९८८ मध्ये आलं, पोलादाची ही उणीव भरून काढायलाच. त्यात सव्वाच्या जागी १⅜ औंस बीबी भरले तर छर्रे ९९. नऊ जास्त. त्या नऊ छऱ्यांसाठी खांद्याला जो तडाखा बसतो तो पहिल्या बाराला जाणवत नाही, तिसऱ्याला जाणवतो, आणि दहाव्यापर्यंत तुम्ही चाप ओढण्याआधी डोळे मिटायला लागलेले असता. मी मिटत होतो. मला ते दुसऱ्याने सांगावं लागलं.

तो माझा पहिला हंगाम. फुल चोक, साडेतीन इंच, बीबीबी. लपणात पडून होतो, समोर मांडलेल्या खोट्या हंसांवर खरे हंस उतरायला आले, पाय खाली सोडून, पंचवीस यार्डांवर. तीन बार काढले आणि तिन्ही वेळा हवेला भोक पाडलं. ते उलटून वर चढले तेव्हा रागाच्या भरात चौथं काडतूस घालून मारलं. एक पक्षी दचकल्यासारखा हलला, पंख ताठ धरले, आणि तसाच तरंगत पाण्यापलीकडे उतरला. संध्याकाळपर्यंत शोधला. सापडला नाही. नंतर त्याच बंदुकीने कागदावर मारून बघितलं. पंचवीस यार्डांवर छऱ्यांचा थवा जेमतेम परातीएवढा होता, एवढ्या जवळून चुकायला सोपा आणि लागलाच तर मांसाचा चुथडा करणारा. चाळीसवर तो वर सरकलेला, मधोमध विरळ, एका बाजूला गर्दी. म्हणजे जवळच्या पक्ष्याला फार घट्ट, लांबच्याला भोकं पडलेला. ते सगळं मी स्वतः, पैसे मोजून, निवडलं होतं.

म्हणून चोकवर काय लिहिलंय यापेक्षा कागदावर काय पडलंय ते मी मानतो. एकाच नावाचे दोन चोक दोन बंदुकांत सख्खे वाटत नाहीत, आणि एकाच चोकमधून दोन कंपन्यांची काडतुसं वेगळी पडतात. करायचं एवढंच: चार फुटी कागद, मधे एक ठिपका, आणि तुम्ही खरोखर ज्या अंतरावरून मारता ते अंतर मोजून. ४० यार्ड पुस्तकातलं आहे, तुमचं ३० असेल तर ३० वर मारा. बार काढल्यावर जिथे सगळ्यात दाट गर्दी असेल तिथे ३० इंची वर्तुळ आखा आणि छर्रे मोजा. प्रत्येक जोडीचे निदान पाच कागद. एका कागदावर विश्वास ठेवू नका, पहिला नेहमी छान येतो. वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून सतत एकाच बाजूला जात असेल तर दोष चोकचा नाही, दस्ता तुम्हाला बसत नाही. कंटाळवाणं काम आहे. खांदाही दुखतो. माझ्या ओळखीच्या दहांतले दोघे हे करतात.

वेगाबद्दल फार विचारतात, म्हणून थोडक्यात. खोक्यावर सेकंदाला १५५० फूट असं ठळक छापलेलं असतं. हलका गोळा जितका जोरात सुटतो तितका जोरात मंदावतो. ४० यार्डांवर पोचेपर्यंत १४५० आणि १५५० मधलं अंतर बरंचसं वितळलेलं असतं. धक्का मात्र पूर्ण शंभराचा मिळतो. ताशी ६५ किलोमीटरने जाणारा हंस छर्रे पोचेपर्यंतच्या सेकंदाच्या आठव्या भागात दोन मीटरांहून जास्त पुढे सरकतो. नळी त्याच्या पुढे चालवत ठेवली नाही तर कुठलाच वेग कामाला येत नाही. आणि हंस फसवतो. पंख सावकाश हलवतो, अंगाने मोठा, म्हणून हळू आणि जवळ वाटतो. तो असतो जोरात आणि लांब. नवख्यांचे छर्रे शेपटीमागून जातात ते यामुळे. मी खोट्या हंसांपासून ३५ यार्ड मोजून एक काठी रोवतो. काठीपलीकडचा पक्षी माझा नाही, मग तो कितीही मोठा दिसो.

हंस लहान असतील, स्नो गूजसारखे, दोन-अडीच किलोचे, तर मी बीबी सोडून एक किंवा दोन नंबरवर येतो. हंसांचे थवे अगदी डोक्यावर उतरत असतील तर इम्प्रूव्ह्ड सिलिंडर लावतो, आणि त्या दिवसांत माझे नेम सगळ्यात चांगले लागले आहेत. टंगस्टनचे छर्रे शिशाहून जड असतात, लहान मापातही लांबवर जोर धरतात. ते उत्तमच आहेत. पण इतके महाग की बार काढताना मन पक्ष्यावर नसतं.

चोकची नळी हाताने घट्ट झाली असं वाटलं तरी बंदूक रिकामी करून दर काही बारांनी एकदा तपासा. ती सैल होते. आट्यांना थोडं ग्रीस लावा, आणि चोक काढून कधीही बार काढू नका, आटे कायमचे जातात. भिजलेली पोलादी काडतुसं पुढच्या हंगामासाठी ठेवू नका. छर्रे आत गंजून एकमेकांना चिकटतात. मला एकदा तसं एक काडतूस खिशाच्या तळाशी सापडलं. कापून बघितलं तर आत नव्वद छर्रे नव्हते, एक तांबूस गड्डा होता. तो अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.