ताणा आहे, बाणा नाही

सध्या डोक्यात एकच स्फटिक आहे: कॉपर पायराझिन नायट्रेट. चित्र पाहिलं की वाटतं, जेमतेम 5.1 अँगस्ट्रॉमवरचे (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) तांब्याचे अणू एकमेकांना धरून असणार. कसलं काय! खरा चुंबकी दुवा पायराझिन या सेंद्रिय रेणूच्या कड्यातून, 6.7 अँगस्ट्रॉमवरच्या अणूशी; अशा दुव्यांनी तांब्यांची साखळी बनते. म्हणून मी नजरेवर विसंबत नाही. शेजारच्या तांब्यांची प्रत्येक जोडी सुटी काढायची, दोन्ही स्पिन (अणूंची चिमुकली चुंबकं) एकदा समांतर आणि एकदा उलट ठेवून डीएफटीने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून गणित करणाऱ्या संगणकी पद्धतीने, ऊर्जा मोजायची, फरकातून ‘जे’, म्हणजे त्या दुव्याची ताकद, काढायचा. मे महिन्यातल्या सोलापुरात हे करताना वीज टिकली तर नशीब.

प्रयोगातून साखळीतला जे सुमारे 10 केल्विन (ऊर्जाच, पण तापमानाच्या एककात) मिळतो. साखळ्यांमधला त्याच्या दोनशेव्या हिश्श्याहूनही कमी. यंत्रमागावर चादरी विणणारा मित्र ऐकून म्हणाला, “म्हंजे ताणा हाय, बाणाच नाही की बे!”

अगदीच नाही असं नाही. नुसती साखळी असती तर कुठल्याच तापमानाला पक्की चुंबकी रचना लागली नसती; इथे ती 0.11 केल्विनला लागते, ती त्या नाममात्र बाण्यामुळेच. डीएफटीतलं फंक्शनल, म्हणजे अंदाजाचं सूत्र, बदललं की जे हलतो, हा मात्र ताप. त्यामुळे शेवटी तापमानानुसार ससेप्टिबिलिटीचा (बाहेरच्या चुंबकाला स्फटिक किती दाद देतो त्याचा) आलेख काढून प्रयोगाच्या आलेखावर ठेवतो. रुंद उंचवटा जुळला, तरच पुढचा स्फटिक.