एका मताचा हिशोब

2014 च्या विधानसभा निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश शाळेत आला, तेव्हा राज्यात युती आणि आघाडी दोन्ही शाबूत होत्या. 25 सप्टेंबरला एकाच दिवशी दोन्ही मोडल्या. शिवसेना-भाजपची 25 वर्षांची सोयरीक संपली, काँग्रेस-राष्ट्रवादीची 15 वर्षांची संपली. दुसऱ्या दिवशी आमच्या कराडच्या पृथ्वीराज चव्हाणांनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि 28 तारखेला राष्ट्रपती राजवट लागली. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये मात्र चर्चा एवढीच, की आता सगळेच वेगळे लढणार म्हटल्यावर उमेदवार 15 च्या वर गेले तर बॅलट युनिटं, म्हणजे मतदार बटण दाबतो ती यंत्रं, दोन-दोन वाहायची का? एका युनिटवर 16 बटणं असतात आणि त्यातलं शेवटचं नोटाला, म्हणजे ‘यापैकी कुणीही नाही’ला, द्यावं लागतं.

मी साताऱ्यात हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवतो. नेमणूक केंद्राध्यक्ष म्हणून, पाटण मतदारसंघात. पाटण म्हटल्यावर घरच्यांनी आधी स्वेटर काढून ठेवला. ऑक्टोबर असला तरी डोंगरातल्या शाळेच्या फरशीवर रात्री काय होतं ते ज्यांनी ड्युटी केलीय त्यांनाच ठाऊक.

साहित्य वाटपाचा दिवस हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत वाईट दिवस. मांडवात टेबलं, माईकवरून सतत पुकारा आणि आपण जमिनीवर बसून पिशवी उपसतोय: मतदार यादीच्या प्रती, मतदारांच्या सह्यांचं 17 ए चं रजिस्टर, शाईची बाटली, हिरवे पेपर सील, टॅग, लाख, मेणबत्ती, काडेपेटी, दोरा आणि पाकिटंच पाकिटं. यादीवर टिक करायची, यंत्रांचे नंबर पडताळायचे, मग एसटी शोधायची. आमची गाडी घाट चढेपर्यंत अंधार पडला होता. गावच्या कोतवालानं पिठलं-भाकरी आणून दिली. एका पक्षाचा कार्यकर्ता चहा घेऊन आला, त्याला हात जोडून परत पाठवलं. वाईट वाटलं, कारण चहाचा वास फार चांगला येत होता.

15 ऑक्टोबरला पहाटे उठून अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, घेतलं. एजंटांसमोर प्रत्येक बटण दाबून दाखवायचं, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. यातलं क्लिअर राहिलं तर दिवसभराच्या मतांत ही खोटी मतं मिसळतात, म्हणून मी ते एजंटांकडून मोठ्यानं वदवून घेतलं. चारही मोठ्या पक्षांचे एजंट चार वेगळ्या बाकांवर. कालपरवापर्यंत यातले दोघे दोघे एकाच जीपमधून फिरले असतील. पेपर सीलवर सह्या झाल्या आणि 7 ला मतदान सुरू झालं.

पुढचं काम यंत्रासारखं चालतं. पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्यानं पुकारतो, दुसरा रजिस्टरवर सही घेऊन डाव्या तर्जनीला शाई लावतो आणि चिठ्ठी देतो, तिसरा चिठ्ठी घेऊन टेबलावरच्या कंट्रोल युनिटचं बॅलट बटण दाबतो, म्हणजे आतलं यंत्र एका मतासाठी मोकळं होतं. लांब बीप आली की मत पडलं.

दुपारी, भात कापणीला गेलेली माणसं परतायला लागली होती, तेव्हा एक आजी कक्षात गेली आणि बीप न येताच बाहेर आली. कंट्रोल युनिटवर लाल दिवा तसाच जळत होता.

"आजी, बटण दाबलं का?"

"न्हाई."

"मग परत जा, दाबून या."

"म्या न्हाई दाबायची."

एजंट उठून उभे राहिले. एक म्हणाला, मी दाखवतो तिला. त्याला खाली बसवलं. अंध किंवा अपंग मतदाराला सोबती देता येतो, धडधाकट माणसाला नाही. दुसरा म्हणाला, सर, तुम्हीच दाबा की नोटा. हा सल्ला ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

नियम 49 ओ अशाच प्रसंगासाठी आहे. सही किंवा अंगठा झाल्यावर मतदारानं मत द्यायला नकार दिला, तर 17 ए मध्ये त्याच्या नावापुढे तसा शेरा लिहायचा आणि शेऱ्यावर त्याचा अंगठा घ्यायचा. बॅलट बटण आधीच दाबलेलं असेल तर यंत्राला हात लावायचा नाही, पुढच्या मतदाराला थेट आत पाठवायचं. ते मोकळं झालेलं मत त्याचं. अंगठा घेताना आजी माझ्या कानाशी आली. "थोरल्याला एकाचं कबूल केलंय, धाकट्याला दुसऱ्याचं. शाई दोघंबी बघत्याल." आणि बोट दाखवत निघून गेली. चौरंगी लढतीवर मी तोवर वाचलेल्या अग्रलेखांपेक्षा हे मला जास्त पटलं.

संध्याकाळी 6 ला रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या, त्या संपल्यावर क्लोज दाबलं. रजिस्टरपेक्षा यंत्रात एक मत कमी. मतांच्या हिशोबाच्या 17 सी फॉर्ममध्ये 49 ओ साठी स्वतंत्र ओळ असते, तिथं 1 लिहिला, सह्या घेतल्या, एजंटांना प्रती दिल्या. डायरीतही लिहिलं. तरी साहित्य जमा करायच्या टेबलावर रात्री उशिरा पेंगुळलेल्या माणसानं पाकीट परत सरकवलंच: "सर, एक कमी आहे." रजिस्टर उघडून शेरा दाखवला, अंगठा दाखवला. त्यानं वरिष्ठांना बोलावलं. त्यांनाही दाखवला. मग पावती मिळाली. घरी पोचलो तेव्हा दूधवाले फिरत होते.

19 ऑक्टोबरला निकाल लागला. पाटणला शिवसेनेचे शंभूराज देसाई निवडून आले. राज्यात भाजप 122, शिवसेना 63, काँग्रेस 42, राष्ट्रवादी 41. 288 च्या सभागृहात बहुमताला 145 लागतात. मतमोजणी पुरती संपायच्या आत राष्ट्रवादीनं भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर करून टाकला होता. 31 ऑक्टोबरला वानखेडे स्टेडियमवर देवेंद्र फडणवीसांनी शपथ घेतली, ती अल्पमतातल्या सरकारची. शिवसेना विरोधी बाकांवर बसली आणि विरोधी पक्षनेते झाले एकनाथ शिंदे, मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या दरे गावचे.

12 नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव होता. आम्ही स्टाफरूममध्ये बातम्या बघत होतो. ठराव मांडला गेला, अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी अनुकूल-प्रतिकूल विचारलं आणि आवाजी मतदानानं तो संमत झाल्याचं जाहीर केलं. शिवसेना आणि काँग्रेसनं मतविभागणी, म्हणजे डोकी मोजून मतदान, मागितली, तोवर विषय पुढे गेला होता. बाहेर गोंधळ झाला, राज्यपालांना अडवलं म्हणून काँग्रेसचे पाच आमदार दोन वर्षांसाठी निलंबित झाले. माझ्या केंद्रावर पहिला अधिकारी असलेले आमचे गणिताचे सर इतकंच म्हणाले, "इथं 17 सी कुणी भरला?"

ठराव असा संमत होणं मला स्वतःला पटलं नाही, अजून पटत नाही. आवाजी मतदान नियमात बसतं, हे मी वर्गात शिकवतो. पण डोकी मोजली असती तर राष्ट्रवादीचे 41 नक्की कुठं उभे आहेत ते नोंदीवर आलं असतं. त्यांना हो म्हणायचीही गरज नव्हती. बहुमत लागतं ते हजर राहून मत देणाऱ्यांचं. निकालानंतर मुखेडच्या भाजप आमदारांचं निधन झालं होतं, म्हणजे सभागृह 287 चं. त्यातून 41 जण तटस्थ राहिले की उरले 246. मग 145 चा आकडा 124 वर येतो आणि भाजपला चार-दोन अपक्ष, छोटे पक्ष पुरतात. अल्पमतातलं सरकार चालतं ते असं, कोण विरोधात हात वर करत नाही यावर. नववीच्या फळ्यावर मी हे गणित मांडलं, तेव्हा पोरांना ते पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा लवकर कळलं.

5 डिसेंबरला शिवसेनेच्या 10 मंत्र्यांनी शपथ घेतली, त्यात शिंदेही होते. फळा पुसून 121 अधिक 63 लिहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग आता विरोधी पक्षनेता कोण?" त्या दिवशी सांगायला नाव नव्हतं. राधाकृष्ण विखे पाटलांची निवड त्याच महिन्यात, पण नंतर झाली.